नऊ नंबर मांगं घ्या

काकाजी बसल्या जागी ब्रेक मारायचे. समोरच्या संघाचा पोरगा चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे सुटला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, मान मागे जायची आणि डाव्या हाताची मूठ हवेतच वळायची. पोरगा तरी थांबायचा नाही. गोल व्हायचा. मग काकाजी पाय उचलून चपलेकडे पाहायचे, जशी काही तीच खराब निघाली, आणि म्हणायचे, "गाडी कोणती अन् रस्ता कोणता! कोणाले समजूनच नाही राहिलं."

तुम्ही रविवारी सकाळी आमच्या मैदानावर कधी आला असाल तर त्यांना पाहिलं असेल. कडुलिंबाखाली माझी चहाची गाडी. गाडीच्या बाजूला पेंटचा रिकामा डबा उलटा ठेवलेला आणि त्यावर कानटोपी घातलेला उंच म्हातारा. त्या डब्यापुढे गवत नव्हतं. पावसाळ्यात सगळं मैदान हिरवं व्हायचं, पण त्यांच्या पायाखालची बशीएवढी जागा तेव्हाही उघडीच राहायची.

त्यांनी जन्मभर बस चालवली होती, जास्त करून काटोलच्या रस्त्यावर. बस सुटली, पायाची सवय सुटली नाही. फुटबॉल ते स्वतः कधी खेळले होते का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी गाडी बनवली नाही गा, चालवली. पण कोणता नट ढिला आहे ते मले आवाजावरून समजते."

आणि ढिल्या नटांची कमी नव्हती. आमच्या गोलकीपरला ते कंडक्टर म्हणायचे. "सगळ्यायले आत घेते. कोणाले नाही म्हणत नाही." मधे खेळणारा एक पोरगा चेंडू हळू द्यायचा. "हा पास नाही देत, पार्सल पाठवते. केव्हा पोहोचंल भरोसा नाही." आपण एका गोलाने पुढे असताना कोच सरांनी खेळाडू बदलला की काकाजी डब्यावरून उठूनच उभे राहायचे. "चालत्या गाडीत ड्रायव्हर बदलला! पाहा, पाहा, आता झाडावर जाते!" बहुतेक वेळा गाडी झाडावर जायचीच.

कोच सर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतात. रविवारची सुट्टी पोरांसाठी देतात, वरून पोरांची बोलणीही खातात. काकाजींना ते कधी उलट बोलले नाहीत. मैदानावरची नजर न काढता हात तेवढा वर करायचे आणि म्हणायचे, "हो काकाजी, पाहतो." आणि काहीच करायचे नाहीत. काकाजी माझ्याकडे वळून म्हणायचे, "पाहते म्हणे. चाक निघून चाललं अन् हा पाहूनच राहिला."

काकाजींचं सगळं बरोबरच असायचं असं नाही. एका पोराची त्यांनी आठवडेच्या आठवडे तारीफ केली. सरांनी शेवटी त्याला उतरवलं, तर त्याने पहिला चेंडू आपल्याच गोलात घातला. आम्ही सगळे काकाजींकडे पाहू लागलो. ते म्हणाले, "नवी गाडी आहे, अजून रनिंग व्हाची आहे," आणि पोराकडे पाठ करून चहा मागितला.

डावीकडून पळणारा आमचा सगळ्यात चांगला पोरगा कामठीच्या संघात गेला, ते मात्र त्यांनी कधी माफ केलं नाही. तिकडे त्याला नवे बूट आणि जायचं-यायचं भाडं मिळत होतं. "बुटासाठी गेला!" काकाजी महिनोन्‌महिने म्हणत राहिले. पुढे तो कामठीचा शर्ट घालून आमच्याविरुद्ध खेळायला आला. सामन्याआधी धावत येऊन काकाजींच्या पायाला हात लावायला वाकला. काकाजींनी पाय आखडून घेतला. "कोण गा तू? मी ओळखत नाही." पोरगा हसत हसत गेला, पण त्याचे कान लाल झाले होते. मग सामना सुरू झाला आणि तो पळू लागला. काकाजींचा पाय जमिनीवर दाबलेला, आणि ते तोंडातल्या तोंडात म्हणत होते, "धावते मात्र तसाच अजून."

आता नऊ नंबरचं सांगते.

आमचा नऊ नंबर सगळ्यांत उंच, म्हणून सरांनी त्याला समोर, गोल मारायच्या जागी उभं केलं होतं. त्याच्याकडून गोल होत नव्हते. काकाजींचा सगळ्यात मोठा आवाज त्याच्यासाठी निघायचा. "उंच आहे म्हणून समोर गाडला! खंबा आहे का तो, लाइट लावाले? अरे, त्याचं डोकं मांगच्या जागेचं आहे. येणारा माणूस त्याले सगळ्यायच्या आधी दिसते. मांगं घ्या त्याले! नऊ नंबर मांगं घ्या!"

नऊ नंबर माझा मुलगा.

काकाजींना हे माहीत नव्हतं. मुलगा मैदानावर संघाबरोबर यायचा, संघाबरोबरच असायचा, आणि मला चार माणसांत स्वतःहून काही सांगायला जमत नाही. चौथीत शाळा सुटली, पण बोलणं त्याच्याही आधीपासून कमीच. दुसऱ्याने विचारलं तर उत्तर देते. त्यामुळे काकाजी ओरडायचे, मी खाली मान घालून आलं किसायची, आणि त्या दिवशीच्या चहात आलं जास्त पडायचं.

मला राग यायचा. काकाजींना वाटत होतं तो खेळ आहे. आमच्या घरात तो खेळ नव्हता. आमच्या वस्तीतल्या एका पोराला खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली होती. तो गोल मारणारा होता. गोल मारला की नाव होतं, पेपरात बारीक अक्षरात का होईना येतं. मागे उभं राहून जो गोल होऊ देत नाही, त्याचं नाव कोण लिहितो? माझा मुलगा आठवडाभर दुचाकीवर लोकांच्या घरी सामान पोचवतो. त्याचे वडील चौकीदार, रात्री जागतात. कोट्याला वयाची अट असते आणि मुलाचं वय थांबत नाही. अशात एक म्हातारा दर रविवारी सगळ्या मैदानाला ओरडून सांगत होता की हा समोरचा नाही. मला वाटायचं, ह्यांना कोणीतरी गप्प करावं.

मग एकदा मुलाच्या कपाळाला कोणाचं तरी कोपर लागलं. तो सरळ माझ्या गाडीवर आला आणि म्हणाला, "आई, बर्फ आहे का वं?"

काकाजींचा ग्लास ओठापाशीच थांबला.

"नऊ नंबर तुमचा आहे?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही बाई?"

मी थंड पाण्याचं फडकं मुलाच्या कपाळाला लावलं. मला वाटलं, आता ह्यांना लाज वाटेल, पुढच्या रविवारपासून आवाज जरा खाली येईल. काकाजींनी ग्लास ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "बरंच झालं. तो कोच माझं नाही ऐकत, मायचं ऐकंल. तुम्ही सांगा त्याले."

तेव्हापासून सगळी तक्रार माझ्याकडे. "बाई, तुमचा पोट्टा ऑफसाइड उभा आहे, पाहा. घरी काही सांगत नाही का त्याले?" "बाई, त्याचे पाय पाहा, आपोआप मांगं येऊन राहिले. पायायले समजते, कोचले नाही समजत." मी विचारायची, "साखर कमी टाकू का?" ते म्हणायचे, "साखरेचं काय घेऊन बसल्या! इथं माणूस वाया चालला!"

माणूस वाया चालला. हे मात्र मनात राहिलं. रात्री जेवताना मी मुलाला विचारलं, "तुले कुठं खेळाले आवडते?"

"सर जिथं म्हणतील तिथं," तो म्हणाला. पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबला आणि हळूच म्हणाला, "मांगून सगळं दिसते."

मी दुसरी पोळी वाढली.

आमचा मागे खेळणारा स्टॉपर मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. एका रविवारी त्याची पाळी लागली आणि तो आलाच नाही. सरांकडे दुसरा कोणी नव्हता. त्यांनी नाइलाजाने नऊ नंबरला मागे उभं केलं.

त्या दिवशीचं मी काय सांगू? माझ्या मुलाला मी पहिल्यांदाच खेळताना पाहिलं असं वाटलं. तो पळत नव्हता. चेंडू जिथे येणार तिथे आधीच उभा असायचा. समोरची पोरं येत, आणि त्यांच्या पायातला चेंडू असा निघून जाई जसा त्यांनीच दिला असावा. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय डाव्या पायावर चढवलेला होता आणि ते संत्रं सोलत होते. सामनाभर ओरडले नाहीत. शेवटी एक फोड माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, आज मी पहिल्यांदा पॅसेंजर झालो. खिडकीतून बाहेर पाहत आलो."

पुढच्या रविवारी मौद्याचा पोरगा परत आला, आणि नऊ नंबर परत समोर गेला.

काकाजी इतके चिडले की त्यांना नीट ओरडताही येईना. डब्यावरून उठले, माझ्या गाडीसमोर येऊन उभे राहिले. "डोळ्यानं पाहून बी हा मानत नाही. आता तुम्ही जा. तो काय तिथं उभा आहे. जा अन् सांगा."

सर वीस पावलांवर असतील. मी पदराला हात पुसले. एक पाऊल टाकलं असेल नसेल, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने दोन कट चहा मागितले, आणि मी ते करायला लागले. काकाजी माझ्या हातांकडे पाहत राहिले. त्या दिवशी ते चहा न पिता गेले.

त्यानंतर दोन-तीन रविवार आलेच नाहीत. मग आले ते धुतलेला शर्ट घालून, सामना सुरू व्हायच्या आधीच.

"बाई, माझी बदली झाली."

"कुठं?"

"पुण्याले, पोरापाशी. इथलं घर विकाले काढलं. दहाव्या माळ्यावर राहते तो."

"खाली मैदान आहे का?"

"पार्किंग आहे," काकाजी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी मैदानाकडे तोंड केलं. पोरं जाळी बांधत होती. "त्या कामठीवाल्याले मी लय बोललो. बुटासाठी गेला म्हटलं. आता मी कायच्यासाठी चाललो? मले तं बूटही नाही भेटून राहिले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो दिसला तं सांगजा, काकाजी म्हणे, असाच धाव."

मी चहा दिला. पैसे घेतले नाहीत. त्यांनीही हट्ट केला नाही. डबा सोबत नेत नव्हते. "राहू द्या, कोणाच्या तरी कामी येईल. अन् नऊ नंबर तुमच्यावर सोडून चाललो."

डब्यावर कोणी बसायला लागलं की मी तिथे दुधाची कॅन ठेवते. का ठेवते ते विचारू नका. पुढच्या बशीएवढ्या जागेत आता बारीक गवत उगवलं आहे.

मागच्या रविवारी कामठीशी सामना होता. कोट्यासाठी पोरं पाहायला एका ऑफिसातली माणसं आली होती. त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या, आणि त्यांचा चहाही माझ्याकडूनच गेला. मुलगा समोर उभा. त्याच्यापर्यंत चेंडू येत नव्हता. मौद्याचा पोरगा रात्रपाळी करून आला होता, त्याचे पाय उचलत नव्हते. आणि डावीकडून तो, बुटासाठी गेलेला, असा धावत होता की पाहावंसं वाटावं. काकाजींचा निरोप मी त्याला सामन्याआधी सांगितला होता. तो नुसता डब्याकडे पाहत उभा राहिला होता.

आमच्यावर एक गोल झाला. दुसरा होता होता राहिला. माझा मुलगा पार समोर, कमरेवर हात ठेवून, मान वळवून मागे पाहत होता. त्याला सगळं दिसत होतं. कोण कुठून येणार, कोणती जागा उघडी आहे, सगळं. आणि खुर्चीवरची माणसं मोबाइल पाहत होती. कामठीवाला परत सुटला, डावीकडून. मला कळलं तेव्हा माझा उजवा पाय चपलेसकट जमिनीवर दाबलेला होता.

"मांगं घ्या त्याले! नऊ नंबर मांगं घ्या!"

आवाज माझाच होता. एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

सरांनी मैदानावरची नजर काढली नाही. हात वर केला आणि म्हणाले, "हो काकाजी, पाहतो."

मग तो हात तसाच वर राहिला. सर हळूहळू वळले. आधी त्यांनी डब्याकडे पाहिलं, डब्यावरच्या दुधाच्या कॅनकडे, आणि मग माझ्याकडे. खुर्च्यांवरची माणसंही वळली. तिकडे दूर माझा मुलगाही इकडेच पाहत होता. मागे चहा उतू जाऊन गॅसवर चर्र वाजत होता, पण मी वळले नाही.

"पाहू नका सर," मी म्हणाले. "घ्या."