बुचाची दोरी

माझा मोठा भाऊ वेगाच्या बाबतीत फार सोवळा. स्वतःचा टेम्पो, स्वतःचं डिझेल, विचारणारं कोणी नाही, तरी हायवेवर साठची पाटी असेल तर काटा साठला टेकू द्यायचा नाही. आम्ही वेसाव्याच्या पाचजणी कोळणी रोज पहाटे त्याच्या टेम्पोतून भाऊच्या धक्क्यावर जायचो आणि मासळी भरून अंधेरीच्या बाजाराला यायचो. आमच्या बंदराला उतरतं ते आम्हाला पुरत नाही, म्हणून ही धावपळ. परतीचा रस्ता कुर्ल्यावरून, मग मोठा पूल, मग सांताक्रूझ आणि हायवे. हॉटेलवाले सकाळी पहिलं जे दिसेल ते उचलतात, त्यामुळे आम्हाला घाई. मागून आम्ही केबिनच्या पत्र्यावर थापा मारायचो, "चल रं बेगीन, मासली उठून चालाया लागंल!" तो ढिम्म. आमच्यातल्या एकीने तर त्याचं नाव बैलगाडी ठेवलं होतं.

बाजाराबाहेर चहाची टपरी आहे. माल उतरला की टेम्पोवाले, रिक्षावाले, एक पाण्याचा टँकरवाला असे सगळे तिथे जमतात आणि रोज तोच वाद घालतात. रस्ता रिकामा असताना पाटी कोणासाठी वाचायची, असं टँकरवाल्याचं म्हणणं. रिक्षावाल्याच्या मते लिमिट बाइकवाल्यांना पाहिजे, आमची रिक्षा तशीही पळत नाही. दुसरा एक मासळीचा टेम्पोवाला भावाला चिडवायचा, "बर्फ थांबतो का रे पाटी वाचायला?"

भाऊ म्हणायचा, "बर्फ वितळला तर दुसरा मिळतो. माणूस मिळतो का?"

मग सगळे माना हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तशीच गाडी हाणायचे. त्याचं ते वाक्य मला तेव्हा आवडायचं. मी मनात म्हणायची, चला, आपल्या घरात एक तरी शहाणा आहे.

दुसरा माझा नवरा. तो आणि भाऊ एका गल्लीतले, एका बॅटने क्रिकेट खेळलेले, आणि स्वभावाने दोन टोकं. नवरा चेंबूरला औषधांच्या गोदामात रात्रपाळीला होता. सकाळी तो मोटरसायकलने घरी निघायचा आणि आम्ही धक्क्यावरून यायचो, त्यामुळे कुर्ल्याच्या पुलाच्या चढावर बऱ्याचदा गाठ पडायची. तो मागून सुसाट यायचा, टेम्पोला लागून दोनदा हॉर्न मारायचा आणि पुढे निघून जायचा. मागची ताडपत्री खाली सोडलेली असायची, म्हणून तो दिसायचा नाही. नुसता हॉर्न ऐकू यायचा. सगळ्याजणी माझ्याकडे बघून हसायच्या. मी शिव्या द्यायची, पण खरं सांगायचं तर तो हॉर्न वाजला की मला बरं वाटायचं.

त्याच चढावर भावाचं एक काम असायचं. मासळीच्या टेम्पोत बर्फ वितळतो, त्याचं पाणी होतं, त्यात माशांचं रक्त, चिकट बुळबुळ आणि खवले असतात. ते पाणी बाजारात सोडलं तर समोरच्या बिल्डिंगवाले भांडायला उतरतात. म्हणून प्रत्येक टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात तळाला एक भोक आणि त्याला लाकडी बूच. बाकीचे ड्रायव्हर वाटेत गाडी उभी करून, खाली उतरून बूच काढायचे. भावाने डोकं लढवलं. त्याने बुचाला नायलॉनची दोरी बांधली, ती फळीच्या कडेने आणून केबिनमध्ये गिअरच्या बाजूला हुकाला अडकवली. पुलाचा चढ लागला, पाणी मागे धावलं, की हा बसल्या जागेवरून दोरी ओढायचा. बूच निघायचं, चढ संपेपर्यंत टेम्पो कोरडा. पूलच का? तर तिथे दुकान नाही, घर नाही. पुलावर कोणाचं दार नसतं, असं तो म्हणायचा. ही युक्ती बाकीच्यांनीही उचलली आणि त्याचा त्याला अभिमान होता. ते पाणी सळसळत जायचं तेव्हा आम्ही पाय वर घेऊन बसायचो आणि आपल्या गप्पा चालू ठेवायचो.

त्या दिवशी मी राणी मासा भरपूर घेतला होता. चढ लागला, पाणी गेलं. हॉर्न मात्र आला नाही. "आज नवरा झोपला वाटतं गो तुझा," एकीने चिडवलं. मीही हसले. बाजारात पोहोचून टोपल्या मांडते आहे तोच फोन आला. कोणी अनोळखी माणूस नवऱ्याच्या फोनवरून बोलत होता. पुलावर गाडी घसरली, माणूस शुद्धीवर आहे, पायाचं काही खरं नाही, लवकर या.

भावाने तसाच टेम्पो वळवला. त्या दिवशीही त्याने पाटी ओलांडली नाही, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याला काय काय बोलले ते आता लिहवत नाही.

मांडीच्या हाडाचे तुकडे झाले होते. ऑपरेशन झालं, रॉड घातला. डॉक्टरांनी सांगितलं की चालेल, पण कसा चालेल ते आत्ताच सांगता येणार नाही. गोदामातलं काम म्हणजे खोकी घेऊन शिडी चढायची. मला एकच प्रश्न पडला होता, हा माणूस पुन्हा आपल्या दोन पायांवर कामाला जाईल की नाही. पोलीस आले, मागच्या गाडीवाल्याला विचारून गेले. तो म्हणाला, बाइक फार जोरात होती. नवरा म्हणाला, हो, जोरात होती. विषय संपला.

वॉर्डातल्या आयाने त्याचे कापलेले कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. नाक मुरडून म्हणाली, "काय वास मारतोय हो माशांचा!" झालं, माझं टाळकं सरकलं. मासळी विकणारीला असलं बोलणं नवीन नसतं. बसमध्ये लोक बाजूला सरकतात, लिफ्टमध्ये नाक दाबतात. मी तिला भर वॉर्डात सुनावलं की रविवारी हाच वास शोधत येता ना बाजारात? मी पिशवीला गाठ मारली, घरी नेऊन माळ्यावर टाकली.

नवरा घरी आला. भाऊ रोज संध्याकाळी यायचा. कधी चिंबोऱ्यांचा रस्सा, कधी बोईटाचं कालवण, हाड जुळायला चांगलं म्हणून. डबा ठेवायचा, खुर्ची ओढायचा आणि सुरू व्हायचा. "किती वेळा सांगितलं होतं तुला? पाटी काय शोभेला लावतात? दोन मिनिटं वाचवायला गेलास आणि पाय घालवून बसलास." नवरा खाली मान घालून ऐकायचा. हा माणूस पूर्वी एका वाक्याला तीन वाक्यं परत करणारा! आता भिंतीकडे बघून म्हणायचा, "चूक माझीच आहे ना. बोल तू." काठी घेऊन संडासापर्यंत जायलाही तो घाबरायला लागला. फिजिओथेरपीची बाई यायची, तिला सांगायचा, उद्या बघू. मला वाटायचं हाड जुळतंय, पण माणूस काही जुळत नाही. आणि भावाचं बोलणं खरं होतं, त्यामुळे त्याला गप्प तरी कसं करणार?

पावसाआधी मी माळा साफ करायला काढला. ती पिशवी हाती लागली. गाठ सोडली तर दर्प नाकात गेला. माझ्या नाकाला तो काय नवीन, मी पिशवी कचऱ्यात टाकायला निघाले आणि जिन्यातच थांबले. जिन्याखाली भिंतीत एक खिळा आहे. नवऱ्याचं कामाचं जॅकेट प्लास्टिकच्या थैलीत त्या खिळ्याला असायचं. औषधांच्या गोदामात वास चालत नाही, एकदा सुपरवायझरने त्याला दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून ते जॅकेट त्याने घरात कधी आणलं नाही, मला हात लावू दिला नाही, धुवायचाही स्वतः.

मग त्याला वास कुठून आला?

मी पायरीवर बसून पिशवीतलं ते जॅकेट बाहेर काढून उलगडलं. पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, वाळून कडक झालेला डाग होता. त्यात खवले चिकटलेले होते. बारीक, गुलाबट. राणी माशाचे खवले मी झोपेत ओळखीन. त्या आयाने मला खरं तेच सांगितलं होतं. दुसरं कोणीही असतं तर विचारलं असतं, बाई, तुमच्या नवऱ्याच्या अंगाला माशांचं पाणी कुठून लागलं? आम्हा कोळ्यांना तो प्रश्न पडलाच नाही.

संध्याकाळी भाऊ डबा घेऊन आला, खुर्ची ओढली आणि "आता तरी कळलं का..." असं म्हणाला. मी जॅकेट त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते उलटंपालटं केलं, वास घेतला, नखाने एक खवला खरवडला आणि तो बोटावर घेऊन बघत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला ते मी बघितलं आहे आणि ते मला विसरता येत नाही. रागाने मी दिवसभर धुमसत होते. तो चेहरा बघितला आणि राग कुठे गेला कळलंच नाही, नुसतं रडू आलं.

"तुला माहीत होतं?" भावाने नवऱ्याला विचारलं.

"पडलो तेव्हाच. रस्त्यावर पडल्या पडल्या वास आला. म्हटलं, दादाचा टेम्पो नुकताच गेला."

"मग बोलला का नाहीस रे? मी रोज इथे बसून तुझी अक्कल काढतोय आणि तू ऐकून घेतोयस!"

"तू म्हणतोस ते खोटं होतं का?" नवरा म्हणाला. "पाणी तुझं होतं, वेग माझा होता. हळू असतो तर नुसता खरचटलो असतो. आणि बोललो असतो तर हिने काय करायचं? सकाळी तुझ्या टेम्पोत बसायचं आणि संध्याकाळी माझा पाय चेपायचा?"

मग भाऊ उठला. डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी टेम्पोत चढले तेव्हा हुकाला दोरी नव्हती, आणि मागच्या भोकाखाली त्याने निळं पिंप बसवून त्याला नळी जोडली होती. पिंप बंदरावर नेऊन खाडीत ओततो, त्यात वेळ जातो. टपरीवर त्याने सगळ्यांना काय झालं ते सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. टँकरवाला म्हणाला, पण बाइक जोरात होतीच ना? दुसरा टेम्पोवाला म्हणाला, सगळेच सोडतात पाणी, तू एकटा काय करणार? प्रत्येकाला दुसऱ्याची चूक दिसत होती आणि ती चूक खरी होती, हेच मला सगळ्यात वाईट वाटलं. दोरी मात्र आजवर आणखी एकानेच काढली आहे.

नवरा त्या संध्याकाळनंतर काठी घेऊन उभा राहायला लागला. कारण मी त्याला विचारलेलं नाही. गोदामात परत घेतलं तर दिवसपाळी, शिडीचं काम नाही, असं बोलणं चाललं आहे. थोडा लंगडतो, आणि ते तसंच राहील म्हणतात.

मागच्या महिन्यात त्याला तपासणीला नेलं होतं. परत येताना आम्ही तिघं केबिनमध्ये होतो, भाऊ चालवत होता, मी मध्ये, नवरा खिडकीशी पाय लांब करून. दुपारची वेळ, टेम्पो रिकामा. कुर्ला मागे पडलं आणि पुलाचा चढ लागला. अपघातानंतर नवरा पहिल्यांदाच त्या चढावर आला होता. त्याने काठी घट्ट धरली. तेवढ्यात भावाचा डावा हात गिअरवरून सुटला आणि माझ्या गुडघ्याजवळ खाली गेला, जिथे दोरी असायची तिथे. मोकळा हुक बोटांना लागला आणि हात तिथेच थबकला. नवऱ्याने ते बघितलं. मीही बघितलं. भाऊ समोर बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"रोज जातो रे हात," तो म्हणाला. "अजून रोज जातो."

नवरा खिडकीबाहेरच्या आरशात बघत होता. मागून एक मोटरसायकल सुसाट येत होती. त्याने हात खिडकीबाहेर काढला आणि तळवा खाली करून हलवला, हळू, हळू. ती थांबली नाही. डाव्या बाजूने, अगदी आम्हाला लागून, हॉर्न मारत पुढे निघाली. भावाला आपल्या बाजूने ती दिसत नव्हती. त्याने टेम्पो आणखी हळू केला.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला," नवरा म्हणाला. हात त्याने अजून आत घेतला नव्हता.

"नीट गेला ना?"

"नीट गेला, दादा. चल तू."