कोर्टाला यांचं नाव

मोहाची फुलं गळू लागली की सकाळी खेरडीकडून येणाऱ्या वाऱ्याला गोड, जरासा आंबूस वास असतो, आणि मला मात्र त्याच्याखालून शाईच्या पॅडचा वास येतो, आमच्या ओसरीवर वर्षानुवर्षं मुरलेला. हे वकील होते. आदिवासी पक्षकार लांबून चालत येत, त्यांना दुसरा हेलपाटा पडू नये म्हणून हे कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन ठेवत. मजकूर मागाहून चढे. पॅडचं झाकण मी उघडून द्यायचे. माणसं जांभळा अंगठा भिंतीला पुसत, आणि दर दिवाळीला मी त्यावर चुना फिरवायचे.

आता सिल्वासातल्या नव्या कोर्टाला यांचं नाव द्यायचं घाटतंय, गरिबांचा वकील म्हणून. खासदार दिल्लीत तसा प्रस्ताव मांडणार आहेत. त्याला घरच्यांची संमती लागते, आणि घरची म्हणजे आता मीच उरलेय. परवा खासदारांच्या ऑफिसातले एक साहेब पेढे घेऊन आले आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

“काकी, इथे खाली सही करा, बस. मजकूर आम्ही ऑफिसात टाइप करून टाकू.”

मी म्हटलं, आधी लिहा. ते हसले, वकीलसाहेबांपेक्षा तुम्हीच पक्क्या म्हणाले, आणि सोमवारी येतो सांगून कागद ठेवून गेले.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते, ऊन ओसरीवर चढतं तशी मी आत सरकते, पण कागद नजरेतून हलत नाही. खेरडीच्या लखमीचा अंगठाही असाच घेतला होता. तिच्या शेताचा दावा चालू होता, आणि त्या कागदावर दावा मागे घेतल्याचा मजकूर चढला. कारकुनाने केलं, असं हे शेवटपर्यंत म्हणत. ते कागद ठेवायच्या कपाटाची किल्ली मात्र यांच्याच खिशात असे. यांनी पुष्कळांचं भलं केलं, ते मी पाहिलंय. हेही पाहिलंय, आणि चुना मारलाय.

काल रिक्षा करून लखमीकडे गेले. तिच्या शेतात आता कारखान्याचं गोदाम आहे. तिची झोपडी त्याच्या भिंतीला लागून. अंगणात ती मोह वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातली फुलं पसरून संपवली, मग बोलली.

“नाव दे ना बाय. पण मी तिथं गेली, तर अंगठ्याआधी कागद वाचून दाखवतील का?”

 परतताना रिक्षाभर मोहाचा आणि त्याखालून शाईचा वास होता.

आज सकाळी तोच कोरा कागद घेऊन बसलेय. मजकूर मीच लिहितेय, चौथीच्या अक्षरात, मोठा मोठा. सुरुवात लखमीच्या शेतापासून केली. अर्धं पान भरलं तरी यांचं नाव अजून आलेलं नाही, आणि खाली सहीपुरती जागा उरेल की नाही, सांगता येत नाही.