सुनंदाताईंचे पेढे

आज ऑफिसात नव्या मुलीनं पहिल्या पगाराचे पेढे आणले. वेलदोड्याचा वास आला आणि हातातला पेढा मला खाववेना.

शिरूरच्या याच माडीवर आम्ही दूध डेअऱ्यांची सॉफ्टवेअरं करतो. पूर्वी प्रत्येकाचा कोड पाटसच्या सुनंदाताई स्वतः वाचून तपासायच्या. मग मालकांनी त्यांनाच सांगितलं, तुमचे सगळे नियम या कोड तपासायच्या नव्या टूलमध्ये भरा, ते आपोआप तपासेल. ताईंनी जीव ओतून भरले. टूलनं माझी पहिली चूक पकडली, त्या दिवशी त्यांनी घरच्या म्हशीच्या खव्याचे पेढे वाटले. स्टीलचा डबा अजून कोमट होता. "सुटला रं माझ्या कटकटीतनं," मला म्हणाल्या.

मालक पेढा चघळत बोलले, "ताई, म्हंजी आता तुम्ही नसला तरी चालतंय की!"

आम्ही सगळ्यांनी दात काढले. ताईंनीही. मला ती चेष्टाच वाटली. पुढच्या महिन्यात त्यांची खुर्ची उचलली.

टूल अजून त्यांच्याच शब्दांत अडवतं. आज त्या मुलीनं कोडमध्ये दुधाच्या आकड्याला नुसतं 'क' नाव दिलं, तशी तिच्या स्क्रीनवर लाल ओळ आली : 'नाव असं द्या, की मागून येणाऱ्याला विचारावं लागू नये.'

"किती छान! कुणी लिहिलंय हो हे?" तिनं विचारलं.

मालकांनी पेढा तोंडात टाकला. "कुणी न्हाई. ते टूलच बोलतंय."