फ्रीजरचा फॅन आणि आळीभर हिंडलेला चीक

आता तुम्ही म्हणाल, अण्णा, उभा जन्म मशिनी उघडण्यात गेला, आणि तुम्ही एवढ्याशा फॅनपुढं कसे आडवे झालात? सांगतो, सांगतो! आधी चहा ओता. आणि एक अट आहे. हसायचं ते शेवटी. मध्येच कुणी दात काढले तर मी इथून उठून जाईन!

तर आमचं गाव कान्हे. मी आंबीला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. कंपनी सुटली, पण हातातला पाना काही सुटला नाही. आळीत कुणाचा मिक्सर अडला, कुणाची मोटार बसली, की "अण्णाला बोलवा!" आमच्या घरात बाहेरचा मेकॅनिक पाऊल टाकणार नाही, हा माझा हुकूम.

आमची लेक सोनाली, लोणावळ्याला दिलीय. पहिलटकरीण. रविवारी आमच्याकडं तिचं डोहाळजेवण. आणि पोरीला डोहाळे कसले लागावेत? खरवसाचे! तोही पावडरीचा नको, खऱ्या चिकाचा. आता चीक काय दुकानात टांगलेला असतो? त्यासाठी गाय व्यावी लागते! पण पोरीचं नशीब बघा, आंदर मावळातल्या माझ्या साडूची गाय बरोबर त्याच आठवड्यात व्याली. साडू चिकाच्या बाटल्या पिशवीत घालून डोंगर उतरला, एसटीची वाट बघून कंटाळला आणि शेवटी दुधाच्या गाडीत बसून आमच्या दारात हजर. त्या बाटल्या मी स्वतःच्या हातानं फ्रीजरमध्ये लावल्या. पार मागच्या भिंतीला टेकवून, एकावर एक, गच्च. हा चीक गेला तर दुसरा कुठून आणणार होतो मी?

शुक्रवारी सकाळी सुमन, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दूध नासलं! दही आंबट ढाण झालंय. फ्रीज गार पडंना!"

मी वरचं दार उघडलं. बर्फ जागच्या जागी, चिकाच्या बाटल्या दगड. खालचं दार उघडलं, तर आत मे महिना! माझी ट्यूब लगेच पेटली. हे नीट ऐका हं. असल्या फ्रीजात गारवा तयार होतो वर, फ्रीजरच्या मागच्या जाळीआड. तिथं एक बारका फॅन असतो, तो गार हवा खाली ढकलतो. वर गार आणि खाली गरम, मग गुन्हेगार कोण? फॅन!

पण कंपनीत माझा एक नियम होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानायचं नाही. मी दोन बाटल्या सरकवल्या आणि जाळीत मोबाईलचा टॉर्च मारला. फॅन ढिम्म! दार लावलं, जरा थांबलो, झपकन उघडलं. तरी ढिम्म!

"फॅन गेला!" मी जाहीर करून टाकलं.

"अवो, पण दार लावलं की आतून घरघर येतीय की," सुमन म्हणाली.

"ती कॉम्प्रेसरची घरघर! तुला काय कळतंय त्यातलं? आज खालचं गेलंय, उद्या वरचं जाईल. आधी चीक हलवा!"

बाटल्या घमेल्यात भरल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि निघालो शेजारी, माझा चुलतभाऊ दत्ता याच्याकडं.

"ठेव की अण्णा, त्यात इचारायचं काय?" दत्तानं फ्रीजरचं दार उघडून दिलं.

आता मुकाट्यानं बाटल्या ठेवून घरी यावं की नाही? पण मी मेंटेनन्सचा माणूस ना! म्हटलं, चीक ठेवायच्या आधी तपासणी. मारला टॉर्च. ढिम्म!

"दत्ता, तुझा बी फॅन गेलाय रं."

"आँ? माझं तर समदं गार हाय की!"

"आज हाय. उद्या बघ."

दत्ताचा चेहरा एवढासा झाला. मी घमेलं उचललं, पुढच्या घरी गेलो. टॉर्च. ढिम्म! त्याच्या पुढच्या घरी कालच नवाकोरा फ्रीज आलेला, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. त्याचा फॅन? तोही ढिम्म!

एका आळीतले सगळे फॅन एकाच दिवशी कसे जातील? साध्या माणसाला इथं शंका आली असती. पण मी साधा माणूस होतो का? मी चौकात घमेलं खाली ठेवलं आणि गरजलो, "व्होल्टेज! वरनं जादा व्होल्टेज आलंय. समद्यांचे फॅन जाळलेत!"

झालं! आळी पेटली. कुणी टीव्हीची पिन उपटली, कुणी पंप बंद करायला पळालं. दत्तानं वायरमनला फोन लावला, आणि बिचारा जेवण अर्धं टाकून आला. आम्ही त्याला वरातीसारखं वाजतगाजत दत्ताच्या स्वयंपाकघरात नेलं. त्यानं मीटर लावला, बघितलं, परत लावला.

"अण्णा, व्होल्टेज बरोबर आहे."

"बरोबर हाय? मग ह्यो फॅन का फिरंना?" मी दार सताड उघडून दाखवलं.

"जाळलाय तुमीच!" मागून कुणीतरी ओरडलं. वायरमनला घाम फुटला. इकडं माझ्या घमेल्यात बाटल्यांखाली पाणी साचायला लागलं होतं आणि सुमन मला डोळ्यांनी खात होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत दत्ताची आई आली, आक्का. घरात एक दिवा फुकट जळला तर आक्काला जेवण गोड लागत नाही.

"आरं, दिसाढवळ्या दार उघडं टाकून दिवा कशाला जाळताय? येडी का खुळी तुमी?" असं म्हणून तिनं दाराच्या चौकटीतलं बारकं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. आतला दिवा विझला.

आणि भुर्रर्र! फॅन सुरू! गार हवा थेट माझ्या तोंडावर!

आक्कानं अंगठा काढला. फॅन बंद. परत दाबला. भुर्रर्र!

माझ्या पायाखालची जमीन सरकली हो! दार उघडलं की गार हवा वाया जाऊ नये म्हणून फॅन आपोआप थांबतो. ते बटण त्यासाठीच असतं. म्हणजे मी ज्या फॅनला बघायला दार उघडत होतो, तो मी दार उघडत होतो म्हणूनच थांबत होता!

पण हरेल तो अण्णा कसला? मी छाती पुढं काढली. "बगा! मला हेच दाखवायचं व्हतं. फॅन शाबूत हाय!"

मग काय विचारता! घरोघरी गेलो, बटण दाबलं, भुर्रर्र केलं. प्रत्येक घरात टाळ्या! नव्या फ्रीजवाल्यानं तर मला नारळ दिला. वायरमन गाडीला किक मारताना माझ्याकडं असा काही बघून गेला, की मी ते बघितलंच नाही असं ठरवलं.

शेवटी घरी आलो. आमच्या फ्रीजचं बटण दाबलं. फॅन फिरतोय! खालच्या कप्प्यात हात घातला, तर वरून गार हवेचा झोत!

"सकाळी तर वारा येत न्हवता," सुमन म्हणाली. "आता काय बदललं?"

मी रिकाम्या फ्रीजरकडं बघितलं. मग घमेल्याकडं बघितलं. खाली जाणाऱ्या हवेची वाट जिथून सुरू होते, बरोबर तिथंच मी बाटल्यांची भिंत रचली होती! सापडलं! दोष सापडला! मी तिथल्या तिथं उडी मारली. तो दोष माझ्याच हातचा होता, ही गोष्ट मी जरा मागं ठेवली.

चीक अर्धा पातळ झाला होता. सुमननं दूध, गूळ, वेलदोडा घालून तो लगेच कुकरला लावला. खरवस झाला, खालच्या कप्प्यात गार झाला, आणि रविवारी सोनालीच्या पुढं आला. तिनं पहिली वडी तोंडात घातली आणि डोळेच मिटले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! जग जिंकलं मी! आलेल्या सगळ्या बायकांना बसवून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, बटण, फॅन, हवेची वाट, माझी तपासणी.

सोनाली ऐकत होती. दुसरी वडी उचलत म्हणाली, "बाबा, खालचा कप्पा गरम होता. पण फ्रीजर तर गारच होता ना?"

"एकदम कडक!"

"बाटल्या दगड?"

"दगड म्हणजे दगड!"

"मग चिकाला झालं काय होतं, की तुम्ही त्याला आळीभर फिरवून वितळवलंत?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी सुमनच बोलली.

"चिकाला काय हुतंय बाई? तुझे बाबा रिटायर झालेत!"