मुकी जागा

लाटेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मोठ्या मत्स्यालयात खाऱ्या पाण्याच्या टाकीत पंप बसवून लाटा उठवायचं काम ते एकवीस वर्षं करत होते, म्हणून सगळे त्यांना लाटेकाका म्हणत. गंमत अशी की खरा समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा "त्या पाण्याला काही शिस्त नाही" म्हणून नाक मुरडून परत आले होते.

टाकी दुमजली घराएवढी. लोक समोरच्या काचेला नाक लावून मासे बघत. काका मागच्या लोखंडी जिन्यानं वर जायचे, फळीवर पालथे पडायचे, टाकीचा काठ उजव्या बगलेत रुतवायचे आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात सोडायचे. बोटं पसरून मिनिटभर पाणी चाचपायचे. मग म्हणायचे, "कोपऱ्यातला पंप वीतभर वर घ्या. खडकामागे मुकी जागा आहे."

मुकी जागा हा त्यांचाच शब्द. जिथे पाणी हलत नाही, घाण साचते आणि पोवळी गुदमरतात, ती जागा. पंप किती ताकदीचा, हे खोक्यावर छापलेलं असतं. तो कुठे लावायचा, हे कुणी छापत नाही. दोन पंप अगदी समोरासमोर लावले तर दोघं मध्येच एकमेकांना अडवून बसतात. अरुंद तोंडाचा पंप सरळ पोवळ्यावर रोखला तर त्याचं मांस सोलून निघतं. पोवळ्यापाशी पाणी यावं ते काचेवर आपटून, वळून, जरा दमून. या कामात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

टाकीच्या मागच्या काठाशी, हात पोचेल इतक्या वर आलेल्या खडकावर एक हिरवट पोवळं होतं, मेंदूसारख्या वळ्यांचं. आलं तेव्हा नखाएवढं होतं, आता ताटाएवढं झालं होतं. त्याला सगळे थोरली म्हणत. ते आलं त्यानंतर दोन वर्षांनी काकांना मुलगी झाली, आणि बायको म्हणाली, "थोरली तिकडे टाकीत आहे, ही आपली धाकटी." तेव्हापासून एकुलती एक मुलगी धाकटीच राहिली. ती मोठी होऊन शिकायला दूर गेली. थोरली काही कुठे जाणार नव्हती, आणि काकांना त्याचं मोठंच समाधान होतं.

गेल्या वर्षीपासून उजव्या हाताला शर्टाचं बटण सापडेना. एकदा चहाचा कप हातातून सुटला.

"अहो, दाखवा ना कुणाला तरी," बायको म्हणाली.

"काय दाखवू? कान कपाचा तुटलाय, माझा नाही."

ती हसली नाही. काका हसले, पण आतून त्यांची पाचावर धारण बसली होती.  हात गेला तर आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. माणसं दुखणं असं लपवतात की त्यांचं त्यांनाही सापडू नये.

मग जुने पंप थकले आणि नवे घ्यायची वेळ आली. मत्स्यालयाचा कारभार बघणाऱ्या बाईंनी काकांनाच निवडायला सांगितलं. काकांनी रुंद तोंडाचे तीन घेतले, आणि मागची भिंत झाडायला अरुंद तोंडाचा एक. लावलेही अगदी चोख, एकही दुसऱ्याच्या समोर नाही. शेवटी सवयीनं त्यांनी थोरलीजवळ हात सोडला. बोटं पसरली. काहीच नाही.

"मुकी जागा," ते म्हणाले.

माशांना खाणं घालणारी बाई खाली काचेपाशी उभी होती. ती ओरडली, "काका, मुकी कशी? मी टाकलेला चुरा थोरलीवर थांबतच नाहीये. सुसाट पळतोय!"

"तू जेवायला वाढ गं. पाण्याची नाडी मी बघतो."

सगळे हसले. काकांनी अरुंद तोंडाचा पंप फिरवून थोरलीवर रोखला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात घातला, पुन्हा काही नाही. त्यांनी जोर एक घर वाढवला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. खाणं घालणारी शेवटी कारभार बघणाऱ्या बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "काकांना कळतं." खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि थोरली मरत होती.

नवव्या दिवशी काकांनी समोरून पाहिलं. थोरलीची एक बाजू पांढरीफटक पडली होती. मांस सोलून हाड दिसावं तशी. ते जिना चढले, पालथे पडले, उजवा हात सोडला. पाणी स्तब्ध. मग एकवीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं, कूस बदलून डावा हात पाण्यात घातला. पंपाची धार तळव्यावर चापटीसारखी बसली आणि हात बाजूला ढकलला गेला.

पंप त्यांनीच बंद केला. बाईंना त्यांनीच सांगितलं.  

डॉक्टर म्हणाले, काठ रुतून रुतून बगलेतली नस गेली आहे, आता परत येणार नाही.

"डावा आहे की, काका," खाणं घालणारी म्हणाली. तिचेच डोळे भरले होते.

काकांनी डावा घालून पाहिला. डाव्याला नुसतं कळायचं की पाणी आहे. ते कुठून वळून आलंय, कुठे थकलंय, यातलं काही कळायचं नाही. महिन्याभरात थोरली सगळी पांढरी झाली, मग तिच्यावर तपकिरी शेवाळ चढलं. बाईंनी ती काढायला सांगितली. काकांनी ती स्वतः काढली आणि दुपारीच घरी आले.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत ते बोलत राहिले. "ती खाणं घालणारी ओरडून सांगत होती गं. मी चेष्टा केली तिची. मला ठाऊक होतं. बटण लागत नव्हतं तेव्हाच ठाऊक होतं. मी मारलं थोरलीला, आपल्या हातानं." बराच वेळ बोलले. बायको शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

"तू तरी काही बोल," ते शेवटी चिडून म्हणाले. "निदान हात तरी लाव."

"अहो," ती म्हणाली, "केव्हाची हात धरून बसलेय."

काकांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत होता.