उवा कोणाच्या घरच्या

समुपदेशक बाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा भांडणाचा विषय होता उवा. त्याआधीच्या दोन वेळा दिवाळीची सुट्टी आणि स्केटिंगचा क्लास यांत गेल्या होत्या. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. नऊ वर्षांची लेक माझ्याकडे मुलुंडला राहायची, आणि एक सोडून एक शनिवार-रविवार बाबाकडे पवईला. पालकसभेच्या दिवशी वर्गाबाहेर आम्ही दोघं इतक्या मोठ्यांदा भांडलो की मुख्याध्यापिकांनीच आम्हाला या बाईंचा पत्ता दिला.

"तुझ्या बिल्डिंगमधूनच आणल्यात तिने," तो म्हणाला.

"हो रे, पवईत उवांना लिफ्टमध्ये घेत नाहीत ना!"

सरळ बॉयकट करू, विषय संपला, असं त्याचं म्हणणं. लेकीचे केस कमरेपर्यंत. "हात लावून तर बघ," मी म्हटलं. बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि साधंच विचारलं, "पण उवा काढतं कोण?"

मी काढायचे, म्हणजे काढायला बघायचे. औषध चोळायचं, डोक्यापासून शेंड्यापर्यंत फणी ओढायची, की पोरगी किंचाळायची, मग मी ओरडायचे, मग ती बाथरूममध्ये कोंडून घ्यायची. हे कसं सांगावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली लेक मान वर न करता म्हणाली, "मावशी काढते. आम्ही बाल्कनीत बसतो."

मावशी म्हणजे त्याची नवी बायको. आधी ती आंटी होती. मावशी कधी झाली ते मला कोणी कळवलं नाही. मावशी म्हणजे आईची बहीण, आणि मला बहीण नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण ही बाई थेट माझ्या माहेरात शिरली होती.

बाईंनी नियम घालून दिले. दोन्ही घरांत एकाच आठवड्यात औषध, चादरी-उशा गरम पाण्यात, आणि फोनवरून एकमेकांचा उद्धार बंद. शिवाय पुढच्या वेळी उवा काढणाऱ्या व्यक्तीलाही घेऊन या, असं त्या त्याला म्हणाल्या. मला हे मुळीच आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सुचेना.

मधल्या रविवारी संध्याकाळी लेक पवईहून आली ती दोन घट्ट वेण्या घालून. केसांना कापूर घातलेल्या तेलाचा वास. मी तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. वेण्या सोडल्या, ट्यूबलाइटखाली बसवलं आणि शोधायला लागले. केस स्वच्छ. कपाळाकडे बघितलं, मानेकडे बघितलं, काही नाही. मुलीच्या डोक्यात एक तरी ऊ निघू दे, असं जगातल्या कुठल्या आईने मनात म्हटलं नसेल. मी म्हटलं. शेवटी डाव्या कानाच्या वर एक लीख मिळाली, तेव्हा कुठे जिवाला गार वाटलं. नखावर घेऊन तिचा फोटो काढला आणि त्याला पाठवला: "ही बघ तुमच्या मावशीची सफाई." त्याने तो बघितला. वर बाईंनाही पाठवला, हे मला नंतर कळलं.

पुढच्या भेटीला मावशी आली. मी मनात तिला पार नाकाने कांदे सोलणारी करून ठेवली होती. आली ती साध्या कुर्त्यात, केस क्लचमध्ये वर बांधून, आणि बसल्या बसल्या तिने डोकं खाजवलं. "सॉरी हां ताई, मलापण झाल्यात," ती हसून म्हणाली. ताई! म्हणजे आता मला बहीणही मिळाली.

"मी तर कापायचेच म्हणत होतो," तो म्हणाला. "हिनेच नको म्हटलं. म्हणे, तिच्या आईला आवडतात लांब केस."

तिने माझी बाजू घेतली याने माझ्या अंगाचा जास्तच तिळपापड झाला. ही वाईट निघाली असती तर माझं काम किती सोपं होतं.

बाईंनी लेकीला बाहेर खेळायला पाठवलं आणि मला विचारलं, "तो फोटो पाठवलात तेव्हा काय वाटत होतं?"

"जळत होते," मी म्हटलं. "माझ्याजवळ ती पाच मिनिटं टिकत नाही आणि यांच्यापुढे अख्खी दुपार बसते. आज उवांसाठी बसते. उद्या मनातलं सांगायलाही तिथेच बसेल. मग मी काय, नुसते डबे भरायला?"

त्याच्या बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यापुरतं मी तिला मानलं. केस कापायचे नाहीत, एवढं त्या दिवशी ठरलं.

त्यानंतरच्या शनिवारी लेक माझ्याकडे होती. मी मेथी निवडत होते आणि मधूनमधून हात डोक्याकडे जात होता. ती मागून येऊन वाकून बघायला लागली.

"आई गं! तुझी तर वाट लागलीये!" पोरीला केवढा आनंद झाला होता!

तिने फणी आणली, जुना पांढरा अभ्रा माझ्या खांद्यांवर पसरला, स्वतः दिवाणावर बसली आणि मला खाली पुढ्यात बसवलं. केसांचे भाग केले, एकेक भाग चिमट्याने बाजूला अडकवला आणि मानेपासून सुरुवात केली. घाई नाही. गुंता आला की केस मुळाशी धरून ठेवायची आणि मगच फणी ओढायची. यातलं काहीही मी तिला शिकवलं नव्हतं. मला फणी हिसकावून घ्यावीशी वाटली. पण किती महिन्यांनी ती अशी माझ्याजवळ बसली होती. मी हलले नाही.

"दुखलं तर सांग हं, मी थांबते," ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या घरातलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाही," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं, आणि त्या बाईचा इतका हेवा मला त्याआधी कधीच वाटला नव्हता.