दापोड्याची खाणावळ आणि ‘चिकन रोप’

चुकलेल्या पाट्या बघायला कोणी सुट्टी घालवतं का, असा प्रश्न घरी विचारला गेला. म्हटलं, भिवंडीला तर जायचंय, संध्याकाळी परत. यंत्रमागावर उत्तर प्रदेशचा माणूस, गोदामात बंगालचा, ट्रकवर पंजाबचा. तिथल्या पाट्यांना सगळ्यांशीच बोलावं लागतं.

बुधवारी सकाळी कल्याणहून शेअर रिक्षा धरली. वाटेत कोन गावात चहासाठी उतरलो. समोरच्या गॅरेजवर ‘येथे पंक्चर काढले जाईल’ आणि त्याखाली इंग्रजीत ‘पंक्चर विल बी ड्रॉन हिअर’. मी फोटो काढताना चहावाला म्हणाला, “त्याला इंग्लिश जमत न्हाय, पण पंक्चर एक नंबर काढतो.”

भिवंडीतून दापोड्याला वेगळी रिक्षा करावी लागते. अकराच्या आत पोहोचा. नंतर कंटेनरच्या रांगेत तासभर सहज जातो. गोदामांच्या मधोमध सुगंधाताईंची पत्र्याची खाणावळ आहे. थाळी एकशेवीस रुपये, तांदळाची भाकरी हवी तेवढी. दारावरच्या फ्लेक्सवर कोंबडी रस्सा ‘चिकन रोप’ झाला होता. फ्लेक्सवाला आझमगडचा, त्याच्या हिंदीत रस्सा म्हणजे दोरखंड, म्हणून इंग्रजीत ‘रोप’.

मला हसू आवरेना.

“हसाला आलात का जेवाला?” ताई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“जेवायलाच, ताई. पण हा दोर...”

“त्या दोराला सगलेच हसतात. त्याचं काय न्हाय. त्याच्या बाजूला बघा.”

बाजूला ‘प्युअर व्हेज’चा रकाना होता आणि त्यात मराठीत वांगं-बटाटा-सुकट. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ताईंनी यादी सांगितली होती घरच्या रीतीने: एक रोजचं, एक बुधवार-रविवारचं. सुकट रोजचीच. फ्लेक्सवाल्याने रोजचं ते शाकाहारी धरलं, बुधवार-रविवारचं मांसाहारी. सुकट हा शब्द त्याला कळला नाही, म्हणून इंग्रजीत नुसतं ‘ब्रिंजल पोटॅटो’.

“राजस्थानचा डायवर होता,” ताई सांगू लागल्या. “पयला घास तोंडात, आन् उठला. मी दुसरं ताट दिलं, पन बसला न्हाय. माझ्या दारातनं मानूस उपाशी गेला.”

त्यात आज दोन वाजता शेजारच्या गोदामाचा सुपरवायझर येणार होता. त्याला तीस कामगारांच्या रोजच्या दुपारच्या जेवणाचं काम कुणाला तरी द्यायचं होतं, त्यातले निम्मे शाकाहारी. ताई सकाळपासून फ्लेक्सवाल्याला फोन लावत होत्या. त्याचं एकच उत्तर: “कल पक्का, दीदी.”

दीड वाजला होता. मी वही काढली. कामामुळे अर्ध्या तासात मजकूर लिहून द्यायची सवय आहे. बिनचूक इंग्रजीत सगळी यादी उतरवली. शेवटच्या ओळीवर असतानाच सुपरवायझर आत आला. बोर्ड वाचून म्हणाला, “व्हेज अलग है ना?”

मी वही पुढे करणार, तोच ताईंनी हात पुसले. “बोर्ड गलत है, भैया. अंदर आव.”

चुलीशी नेऊन त्यांनी एकेक झाकण उचललं. “इसमें मच्छी हाय. इसमें न्हाय. ये चमचा इधर का उधर न्हाय जाता.” आणि तो राजस्थानी ड्रायव्हर कसा उठून गेला, तेही स्वतःहून सांगून टाकलं. मी मनात म्हटलं, संपलं.

त्याने मात्र दोन्हीकडचे चमचे वाकून बघितले. मग म्हणाला, “सोमवार से पंद्रह थाली, सिर्फ व्हेज. एक हफ्ता देखते हैं.” मांसाहारी पंधरांचं काय, हे ताईंनी विचारलं नाही. मला जास्तीची भाकरी वाढली, एवढंच. निघताना मी यादीचं पान आणि माझा नंबर त्यांच्याकडे दिला.

घरी येऊन फोटो चाळताना ‘चिकन रोप’वर पुन्हा हसलो, शेजारच्या रकान्यावर नाही. चार दिवसांनी ताईंनी नव्या पाटीचा फोटो पाठवला. माझं इंग्रजी कुठेच नव्हतं. प्रत्येक पदार्थापुढे रंगवलेलं चित्र: कोंबडी, मासा, नाहीतर वांगं. सुकटीपुढे तर टपोऱ्या डोळ्यांची कोळंबी.

सोबत त्यांच्या आवाजातला निरोप: “दादा, त्यो राजस्थानवाला अजून आला न्हाय. आला का त्याला लांबूनच दिसंल.”